चौदा हजार दोनशेत दोघी

३ मार्च

पगार झाला. चौदा हजार दोनशे.

गेल्या महिन्यात सव्वीस तारखेलाच खातं रिकामं झालं होतं. दवाखान्यात काउंटरला रेश्मा बसते, तिच्याकडून पाचशे घेतले. तिने लगेच दिले. पण दुसऱ्या दिवशी मी चहाबरोबर खारी घेतली, तर तिने बघितलं. माझ्याकडे नाही — खारीकडे. म्हणून आजपासून ही वही.

खोलीचं भाडं साडेतीन हजार, लाइट तीनशे. मेस अठ्ठावीसशे. शेअर रिक्षा जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे महिन्याचे एक हजार चाळीस. रिचार्ज दोनशे नव्व्याण्णव. साबण, तेल, पॅड, बारीकसारीक मिळून सहाशे. रेश्माचे पाचशे. पोस्टातली आरडी चार हजार — ही स्कूटीची, हिला हात लावायचा नाही. उरले अकराशे एकसष्ट.

चोवीस वर्षांची झाले. बारामतीत येऊन दीड वर्ष झालं. डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे नंबर बिनचूक काढते, आणि माझे स्वतःचे पैसे कुठे जातात ते मला दिसत नाही.

९ मार्च

कानातले एकशे वीस. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे. आठवडाभर खारी नाही.

१४ मार्च

धुळवडीची सुट्टी. घरी गेले नाही. नरसिंहपूरला जाऊन यायचं तर अर्ध्या तिकिटातही एकशे चाळीस जातात, वर यशराज काहीतरी मागतोच. धाकटा भाऊ असला तरी वीस वर्षांचा आहे आता.

आईला फोन केला. म्हणाली, "पोळ्या केल्यात. खायला कोण न्हाय." तात्या कुठे आहेत विचारलं. "उसाला पाणी द्यायला गेल्यात." आवाज नेहमीसारखाच होता. मी म्हणाले, पुढच्या महिन्यात येते.

१७ मार्च

आई आली आहे.

संध्याकाळी दवाखान्यातून आले तर घरमालकीण आक्काबाईंच्या ओट्यावर बसलेली. मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं घरी कुणाचं तरी काहीतरी झालं. "काय न्हाय झालं," म्हणाली. "दोन दिवस राहते." पिशवीत दोन साड्या, फणी, आणि कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी.

एकटी कशी आलीस, विचारलं. "इंदापुरात गाडी बदलली. सत्तर रुपयांत आले." हे सांगताना थोडी खूश वाटली. तिला एकटीने एसटीत बसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

ती अंघोळीला गेल्यावर यशराजला फोन केला. "आई तुझ्याकडं हाय व्हय? तात्या तर म्हणलं शेळगावला बारशाला गेलीय." म्हणजे नवऱ्याला खरं सांगून आलेली नाही.

२० मार्च

दोन दिवस झाले. तिसराही झाला. मी काही विचारत नाही, ती काही सांगत नाही.

मेसचा डबा उघडून आईने वरणात बोट घातलं आणि बोटाकडे बघत राहिली. त्याच दिवशी मेस बंद. मेसवाल्या ताईंनी पैसे मात्र परत दिले नाहीत, महिन्याचे एकदा घेतले की घेतले. आक्काबाईंनी जुनी शेगडी आणि गॅसची छोटी टाकी वापरायला दिली. टाकी भरायला साडेपाचशे. किराणा साडेतेराशे. आणि आज आक्काबाई जिन्यात थांबवून म्हणाल्या, "माणूस वाढलं की पाणी वाढतं गं. पाचशे जास्तीचं दे ह्या महिन्यापासनं." चोवीसशे झाले. माझ्याकडे अकराशे एकसष्ट होते, त्यातून एकशे वीस कानात आहेत.

आईच्या हातची भाकरी खाते. किती महिन्यांनी. आणि खाताना मनात बेरीज चालू असते. लाज वाटते, तरी चालू असते.

२२ मार्च

तात्यांचा फोन, मला. "तिला म्हणावं पाडव्याच्या आत ये."

आईला देऊ का, विचारलं. "नको. तुला सांगितलं म्हंजे झालं."

आईला सांगितलं. तिने ऐकलं आणि गवार मोडत राहिली.

२४ मार्च

रेश्माकडून पुन्हा एक हजार. या वेळी ती म्हणालीच, "वही लिहितेस ना तू?" रिक्षा गेल्या आठवड्यातच बंद केली आहे. चालत पाऊण तास. दवाखान्यात पोचेपर्यंत ड्रेस पाठीला चिकटतो.

२५ मार्च

तेल एकशे साठ. कांदे तीस. दूध पासष्ट. आईने सकाळी पन्नास मागितले. कशाला, म्हणून विचारलं. "राहू दे," म्हणाली. मी घाईत होते. पन्नास वाचले.

२८ मार्च

खात्यात दोनशे अकरा. पगाराला सहा दिवस.

आज मी एक गोष्ट केली, ती इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. दुपारी दवाखान्याच्या मागे जाऊन यशराजला फोन केला. म्हणाले, आईला घेऊन जा. मला झेपत नाही.

तो म्हणाला, "तूच सांग की तिला जा म्हणून." मी म्हणाले, माझ्याच्यानं होत नाही.

घरी आले तर आईने माझे दोन ड्रेस इस्त्री करून ठेवले होते. आक्काबाईंची इस्त्री मागून. आरडी मोडायची नाही असं ठरवलं होतं, ती मोडली नाही. स्कूटीसाठी आईला परत पाठवत होते — असं लिहिलं की कसं दिसतं. पण तसंच आहे.

३० मार्च, पाडवा

अकराच्या सुमारास तात्या आणि यशराज आले. यशराजने गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली. तात्यांनी पांढरे कपडे घातले होते. खोलीत आले, खुर्ची एकच आहे, तिच्यावर बसले. पहिल्यांदाच आले माझ्या खोलीवर. पंख्याकडे बघितलं, मोरीकडे बघितलं.

"चल. आवर."

"चहा घ्या आधी," आई म्हणाली. तिने चहा केला. दोघांनी घेतला. बशी खाली ठेवून तात्या परत म्हणाले, "आता चल."

"मी न्हाय येत."

तात्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं मला. मग म्हणाले, "म्हंजे?"

"म्हंजे न्हाय येत."

यशराज दारात उभा राहून मोबाइल बघत होता. त्याने तो खिशात घातला.

"कोण काय बोललं का तुला?"

"न्हाय."

"मी कदी हात उगारला?"

"न्हाय."

"मग काय झालंय काय?"

तात्यांनी खिशातून पाचशेच्या चार नोटा काढल्या आणि गादीवर ठेवल्या. "घे. काय घ्यायचं असंल ते घे येता येता. पण चल." आईने नोटा उचलल्या आणि त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात परत ठेवल्या. सावकाश, इस्त्री मोडणार नाही अशा बेताने.

तेव्हा तात्या चिडले. "पोरीच्या जिवावर किती दिवस खाणारैस? तिनंच फोन केलाय यशराजला, घेऊन जा म्हणून."

मी शेगडीपाशी उभी होते. आईने वळून बघितलं. "व्हय गं?"

मी मान हलवली.

तिने काही वेळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा आकडा लक्षात ठेवताना बघतो तसं. मग तात्यांना म्हणाली, "हिच्या जिवावर न्हाय खाणार. पर तिकडंबी न्हाय येणार."

तात्या उठून जिना उतरले. यशराज मागे थांबला. "आई, तात्यांना बाहेरची भाकर चालत न्हाय."

"मग थापायला शीक," आई म्हणाली.

दिवेलागणीला ती आपणहून म्हणाली. शेळगावच्या मावशीच्या नातवाचं बारसं होतं. अंगडं-टोपडं घ्यायला तिने तात्यांकडे तीनशे मागितले. "म्हणलं, कशाला? मी सांगितलं कशाला ते. तर म्हणलं, दोनशे पुरतील. दोनशे दिलं."

एवढंच?

"एवढंच. सव्वीस वर्सं एवढंच. बांगड्या भरायच्या, कशाला. आईकडं जायचं, कशाला. द्यायचं न्हाय असं कदी न्हाय. देतच हुते. पर आधी कशाला. त्या दिवशी ते दोनशे घेऊन स्टँडवर आले, आन शेळगावच्या गाडीत बसायच्या जागी हिकडच्या बसले."

आमचा आठ एकर ऊस आहे. कारखान्याकडून उसाचं बिल तात्यांच्या खात्यात जमा होतं. कुणाचं एक रुपयाचं देणं नाही. आई त्या उसात माझ्या जन्माच्या आधीपासून खुरपते आहे.

मी वहीची मागची पानं उलटली. पंचवीस तारीख. माझंच अक्षर. मंगळवारी मागितलेले पन्नास कसले होते, एवढंच विचारता आलं. म्हणाली, "चप्पल तुटलीय, शिवायची हुती." दाराबाहेर जाऊन बघितलं. अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली.

३१ मार्च

आईला म्हणाले, फोन केला ते चुकलं माझं. ती म्हणाली, "जेव आधी."

सकाळी आक्काबाईंबरोबर कुठेतरी जाऊन आली. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायचं होतं.

१ एप्रिल

आई कामाला लागली. इंदापूर रस्त्याला उसाची रोपवाटिका आहे, तिथे आक्काबाईंची भाची जाते. उसाच्या कांड्यांचे डोळे, म्हणजे कोंब फुटतात तो भाग, काढायचे, ट्रेमध्ये लावायचे, रोप आलं की खराब निवडून टाकायची. रोज साडेतीनशे. शनिवारी हातात.

पहिल्याच दिवशी मालकाने विचारलं म्हणे, हे काम आधी कुठं केलं होतं. आई म्हणाली, घरीच.

मी डोळे तपासते, आई डोळे लावते. रेश्माला सांगितलं तर ती खूप हसली. घरी येऊन आईला सांगितलं. तीही हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

३ एप्रिल

पगार. रेश्माचे हजार परत. भाडं आणि आक्काबाईंचे पाचशे. आरडी भरली.

५ एप्रिल

आईला पाच दिवसांचे सतराशे पन्नास मिळाले. नोटा ब्लाउजमध्ये ठेवून आली, मग काढून गादीवर मांडल्या. पाचशेच्या तीन, शंभराच्या दोन, पन्नासची एक. परत गोळा केल्या. परत मांडल्या. मग भाड्याचे म्हणून पाचशे माझ्यापुढे सरकवले.

नको म्हणाले. "घे," म्हणाली. "न्हायतर मी जेवणार न्हाय." घेतले.

६ एप्रिल

रविवार. आई सकाळच्या गाडीने शेळगावला गेली, बाळ बघायला. बारसं होऊन वीस दिवस झाले. बाजारातून अंगडं, टोपडं, खुळखुळा घेतला होता. कितीचं घेतलं हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

संध्याकाळी आली. चप्पल शिवलेली होती. मावशी रडली म्हणे, आणि मग दोघींनी शेजारणींची उणीदुणी काढली. बाळ काळं आहे पण गुटगुटीत आहे.

१२ एप्रिल

आज माझं आणि आईचं थोडं वाजलं. मी चांगल्या मनाने म्हणाले, तुझे पैसेपण या वहीत लिहू, एकत्र हिशोब राहील, दोघींची बचत होईल. एक पान तिच्यासाठी आखलंही होतं. वर नाव घातलं होतं, विजयमाला.

आई म्हणाली, "माझं तुझ्या वहीत नको."

का, विचारलं. पैसे कधी संपतात कळत नाही, अंदाज राहत नाही, मला अनुभव आहे — असं बरंच बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझा अंदाज मला हाय. दोनशे रुपयांत मी बारामती गाठली आन वर एकशे तीस शिल्लक ठेवलं."

पान फाडून टाकलं. चांगलं आखलं होतं, पण फाडलं.

२० एप्रिल

बँकेत आईचं खातं उघडलं. आधार कार्ड घरी तात्यांच्या कपाटात आहे. यशराजला मागितलं तर म्हणाला, तात्यांना विचारावं लागंल. आई म्हणाली, नको विचारू. केंद्रावर अंगठा देऊन नवं काढलं, पन्नास रुपयांत. गुरुवारी बँकेत गेलो. मॅडमने विचारलं, वारस म्हणून कुणाचं नाव? मला वाटलं माझं सांगेल, किंवा यशराजचं. तिने दोघांचं सांगितलं, अर्धं-अर्धं. मॅडम म्हणाल्या, आत्ता एकच लिहा. आई विचारात पडली. शेवटी म्हणाली, "पोरीचं." मग बाहेर आल्यावर मला बजावलं, "यशराजला अर्धं द्यायचं. ध्यानात ठेव."

खात्यात दोन हजार रुपये आहेत.

२६ एप्रिल

रेश्माने विचारलं, आई कायमची राहणार का. माहीत नाही म्हणाले. तिची आई दर महिन्याला तिच्याकडून पैसे मागते, ती चिडते. आज म्हणाली, "तुझी मागत नाही ते बरंय."

महिनाअखेर आली आणि खात्यात सातशे चाळीस आहेत. पहिल्यांदा. हे आईच्या पाचशांमुळे आणि मेस नसल्यामुळे. माझ्या वहीमुळे थोडंच.

१ मे

आई गेली. नरसिंहपूरला नाही, रोपवाटिकेवर.

मालकाला रोपांवर लक्ष ठेवायला तिथेच राहणारं माणूस हवं होतं. मागे एक पक्की खोली आहे, नळ आहे, भाडं नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी सोडायचं आणि दिवसाचं काम आहे तेच. आईने मला विचारलं नाही, सांगितलं.

मी पिशवी भरायला मदत केली. दोन साड्यांच्या आता चार झाल्या आहेत, एक तवा आहे, एक पातेलं. न राहवून विचारलं, माझ्यामुळे जातेस का?

ती साडी घडी करता करता थांबली. "तुझ्यामुळंबी हाय. खोटं न्हाय बोलत." मग परत घडी घालायला लागली. "पर तू फोन केला ते बरं झालं. न्हायतर हितंच बसले असते, त्यांच्या जागी तुझ्याकडं मागत. तुला ते कळलंबी नसतं, आन मलाबी."

रिक्षाने सोडायला गेले. तिथे शेडमध्ये ट्रेच्या रांगा आहेत, बोटभर उंचीची रोपं, सगळी एका दिशेला झुकलेली. आईने मला रांगेतून नेऊन कुठली तिने लावलीत ते दाखवलं. मला सगळी सारखीच दिसली. खोली लहान आहे. खिडकीतून रस्ता दिसतो. तिने स्टोव्हवर चहा केला. कप एकच होता, आधी मी प्यायले, मग ती.

निघताना रिक्षावाल्याला माझ्या आधी तिने पैसे दिले. मी काढलेले परत माझ्या पर्समध्ये कोंबले.

४ मे

पगार कालच झाला. मेस परत लावावी का, ठरत नाही. आज स्वतः भाकरी केली. दोन झाल्या, एक फेकली. गॅस वाचला की वाया गेला, कळलं नाही.

वहीत आज फक्त माझाच खर्च आहे. नीट बसतोय. पान अर्धं रिकामं राहिलं.

११ मे

दुपारी तात्यांचा फोन. इकडचं-तिकडचं काही नाही. एकदम विचारलं, "तिला रोज किती देत्यात?"

साडेतीनशे, मी म्हणाले.

"मी खुरपायच्या बायकांना तीनशे देतो."

मागे पाण्याची मोटार चालू असल्याचा आवाज येत होता, म्हणजे शेतातच होते. मी ठेवू का म्हणणार, तेवढ्यात म्हणाले, "तिला एक दिवसबी दिलं न्हाईत."